खिडकीपाशी ठेवलेला पेला : छायाचित्रकार योसेफ सुदेक

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना जे विद्यार्थी बसले, त्यांना स्थिरचित्राचा तास आठवत असेल. स्टुलावर पसरलेली चादर, तिच्यावर एक तांब्या, एखादी बाटली, दोन कांदे. उजेड कोणत्या अंगाने येतो ते ठरलेले आणि सावली कोणत्या अंगाला पडावी तेही ठरलेले. बहुतेकांच्या लेखी ही केवळ हात बसविण्याची कवायत असते. छायाचित्रकलेने मात्र घरातल्या साध्या वस्तूंचा हात जन्मापासूनच धरला. इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४४ पासून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या ग्रंथात फळीवर मांडलेली चिनी मातीची भांडी आहेत, काचेचे पेले आहेत आणि पुस्तकांच्या दोन फळ्याही आहेत. याचे एक कारण अगदी व्यवहारी होते. त्या काळी छायाचित्र उमटायला फार वेळ लागे. माणसे हालत आणि पेले हालत नसत. पुढे काचा सुधारल्या, भिंगे सुधारली, क्षणार्धात छायाचित्र टिपता येऊ लागले, तेव्हा कॅमेरा घेऊन लोक धावत्या जगाच्या मागे लागले. ज्या थोड्या कलावंतांनी उलट दिशा धरली आणि निम्मे आयुष्य एका खिडकीपाशी घालविले, त्यांत योसेफ सुदेक या चेक छायाचित्रकाराचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

सुदेक यांनी कॅथीड्रल टिपले, अरण्ये टिपली, प्राग शहर तर इतके टिपले की त्यांना प्रागचा कवी म्हणण्याची प्रथाच पडली. तरीही त्यांचे खरे स्थान ठरले ते पाण्याने भरलेला पेला, बशीतले अंडे आणि कागदावर ठेवलेला पावाचा तुकडा यांच्या चित्रांनी. आजकाल अशा चित्रांना थोडक्यात पुष्कळ सांगणारी म्हणून वाखाणले जाते आणि ते खोटेही नाही. परंतु सुदेक यांच्याकडे हे थोडकेपण शैली म्हणून आले नव्हते. आयुष्याने एकेक वस्तू काढून घेतली आणि जे उरले ते त्यांनी पाहिले.

योसेफ सुदेक यांचा जन्म १७ मार्च १८९६ रोजी कोलीन या एल्बे नदीकाठच्या गावी झाला. बोहेमियाचा हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडील घरे रंगविण्याचे काम करीत. योसेफ अगदी लहान असतानाच ते वारले. त्याची धाकटी बहीण बोझेना ही त्याच्याहून सुमारे एका वर्षाने लहान. दोन पोरांना घेऊन आईने जवळच्याच नोव्हे द्वोरी या खेड्यात संसार सावरला. घरची ओढग्रस्त पाहता मुलाने लवकर एखादा हातचा धंदा शिकावा हे ओघानेच आले, आणि १९११ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, योसेफ प्रागमध्ये एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाला.

ग्रंथालयाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना या धंद्याविषयी वेगळे सांगायला नको. फर्मे दुमडणे, त्यांची शिलाई, खळ लावणे, पुठ्ठा चढविणे, दाबाखाली पुस्तक ठेवून कडा कापणे, ही सारी कामे सावकाश करावी लागतात. कागदाचा पोत बोटांना कळावा लागतो. सुदेक यांनी पुढे छायाचित्राच्या कागदाविषयी जी विलक्षण चोखंदळ वृत्ती दाखविली, तिचा उगम या कारखान्यात शोधता येतो. तिथल्याच एका सोबत्याने त्यांना छायाचित्रणाची गोडी लावली. पण तो फावल्या वेळचा नाद होता. पोटाचा उद्योग पुस्तकबांधणीच राहणार होता. आणि पुस्तकबांधणी हे दोन हातांचे काम आहे.

१९१५ मध्ये त्यांना सैन्यात भरती करण्यात आले आणि इटलीच्या आघाडीवर पाठविण्यात आले. सोबत कॅमेरा होता. तिथे काढलेली त्यांची छायाचित्रे राहिली आहेत. १९१६ साली त्यांच्या उजव्या हाताला जबर जखम झाली. जखम चिघळली आणि हात खांद्यापासून काढून टाकावा लागला. वय वीस. त्यानंतरची सुमारे तीन वर्षे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाण्यात गेली. शिकलेला धंदा संपला होता. जायबंदी सैनिकांना सरकारी कचेरीत एखादी बैठी नोकरी मिळे. तशी नोकरी सुदेक यांनाही देऊ करण्यात आली होती. ती त्यांनी नाकारली आणि तुटपुंज्या निवृत्तिवेतनाच्या आधारावर छायाचित्रण धरले. एक हात गमावलेल्या माणसाने त्या काळचा अवजड लाकडी कॅमेरा हा उपजीविकेचा मार्ग म्हणून निवडावा, हे आजही सहज समजण्यासारखे नाही. त्यांनी स्वतः या निर्णयाचे फारसे स्पष्टीकरण कधी केले नाही.

प्रागमध्ये जायबंदी सैनिकांसाठी इन्वलिदोव्ना नावाची एक जुनी प्रचंड वास्तू होती. १९२२ ते १९२७ या काळात सुदेक यांनी तेथील सोबत्यांची छायाचित्रे काढली. युद्धाने मोडलेली माणसे मोठ्या खिडक्यांपाशी बसली आहेत, सिगारेटचा धूर उन्हात तरंगतो आहे, चेहरे बहुधा सावलीत आहेत. त्यात कुणाच्या अपंगत्वाचे प्रदर्शन नाही आणि कीवही नाही. काढणारा त्यांच्यातलाच एक होता. खिडकीतून आत येणारा उजेड ही पुढे जन्मभर पुरलेली त्यांची पहिली सामग्री या वास्तूत सापडली, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच सुमारास, १९२२ ते १९२४ या वर्षांत, प्रागच्या सरकारी मुद्रण व आलेख्य कला विद्यालयात कारेल नोव्हाक यांच्या हाताखाली त्यांनी छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतले. याच वर्षांत कोलीनचाच यारोमीर फुन्के हा तरुण छायाचित्रकार त्यांचा जिवलग मित्र झाला. दोघांच्या मतांचा फटकळपणा हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाला झेपला नाही आणि त्यांना बाहेर पडावे लागले. १९२४ साली या मित्रांनी चेक छायाचित्र संस्था नावाची स्वतःची संस्था काढली. फुन्के बुद्धिवादी, प्रयोगशील, सिद्धान्त मांडणारा. सुदेक यांना सिद्धान्ताचे वावडे होते. तरी मैत्री टिकली.

पहिले मोठे यश त्यांना सेंट व्हिटस कॅथीड्रलने दिले. प्रागच्या किल्ल्यातील या मंदिराचा पाया १३४४ साली घातला गेला आणि बांधकाम शतकानुशतके रखडत शेवटी १९२९ मध्ये पुरे झाले. शेवटच्या टप्प्याचे काम चालू असताना सुदेक १९२४ पासून तिथे जाऊ लागले. उंच कमानींची भव्यता टिपायला कुणीही गेले असते. सुदेक यांनी खाली पाहिले. कमानींखाली रचलेल्या फळ्या, दोरखंड, हातगाड्या, मातीचे ढीग आणि या साऱ्या पसाऱ्यावर वरून तिरपा उतरलेला प्रकाशाचा झोत, अशी ती चित्रे आहेत. चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकाला दहा वर्षे पूर्ण झाली त्या १९२८ साली त्यांतील पंधरा मूळ छायाचित्रांचा संच १२० प्रतींत प्रसिद्ध झाला. देवळाच्या चित्रांत गवंड्याचे सामान नायकाच्या जागी बसविणारा हा माणूस पुढे पेल्याकडे आणि अंड्याकडे वळला, यात नवल वाटू नये.

त्याआधी, १९२६ साली, एक प्रसंग घडला. चेक फिलहार्मॉनिक वाद्यवृंदातील काही वादक त्यांचे मित्र होते. वाद्यवृंद इटलीच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा त्यांनी सुदेक यांनाही बरोबर घेतले. सैनिक म्हणून गेलो तेव्हा तो सुंदर देश पाहायचा राहिला, तो आता पाहावा, असा त्यांचा विचार होता. मिलानमध्ये टाळ्या मिळाल्या, पुढचे मुक्काम झाले आणि एका गावी, कार्यक्रम रंगात आला असताना, सुदेक सभागृहातून उठून बाहेर पडले. रात्रभर ते शेतांतून भटकले. पहाटेच्या दहिवरात त्यांना ती जागा सापडली. जखमी अवस्थेत ज्या शेतकऱ्याच्या घरात त्यांना नेऊन ठेवले होते ते गरिबीचे घर तसेच उभे होते. हात अर्थातच तिथे नव्हता. मित्रांनी त्यांचा शोध घेतला, पोलिसांत वर्दी गेली, वाद्यवृंद परतला. सुदेक मात्र दोन महिन्यांनी एकटेच प्रागला पोहोचले. त्या दोन महिन्यांत काय केले याविषयी ते बोलत नसत. जे शोधायला गेलो ते मिळाले नाही, मग आणखी कुठे कशाला जायचे, अशा अर्थाचे काहीसे ते उतारवयात सांगत, आणि प्रवासाचा नाद त्यांनी खरोखरच सोडला. दुसऱ्या कुणा कलावंताने या कथेचे भांडवल केले असते. सुदेक यांनी दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९२७ मध्ये, प्रागच्या माला स्त्राना भागातील उयेझ्द रस्त्यावर, इमारतींच्या मागल्या अंगणातली एक लहानशी लाकडी खोली भाड्याने घेतली आणि तिथे ते जे बसले ते बसलेच.

खोली म्हणजे अंगणातले एक खोपटेच. एका छायाचित्रकाराच्या धंद्याला पुरेल इतका उजेड, मागे चिंचोळी अंधारखोली, आणि खिडकीसमोर वाकडेतिकडे वाढलेले एक सफरचंदाचे झाड. बहीण बोझेना इथेच त्यांच्या मदतीला आली आणि अखेरपर्यंत राहिली. सुदेक यांनी लग्न केले नाही. डाव्या हाताने, गुडघ्यांत धरून आणि वेळप्रसंगी दातांची मदत घेऊन ते कॅमेरा हाताळीत. तिपाई आणि भला मोठा कॅमेरा खांद्यावर टाकून, मळक्या कोटाची रिकामी बाही खिशात खोचून चाललेली त्यांची वाकलेली आकृती प्रागच्या लोकांच्या ओळखीची झाली होती. तयारीला इतका वेळ लागे की चौकटीत आलेली माणसे तोवर निघून जात; आपल्या चित्रांत माणसे का नसतात याचे हेच कारण ते हसत हसत सांगत. हे उत्तर अर्धेच खरे असावे.

पोटासाठी ते व्यक्तिचित्रे आणि जाहिराती करीत. द्रुझस्तेव्नी प्राचे नावाची एक सहकारी प्रकाशनसंस्था होती. पुस्तकांबरोबरच आधुनिक घरगुती वस्तू सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचविण्याचे कामही ती करी. तिचे कलासंचालक लादिस्लाव्ह सुतनार यांनी स्वतः चहाची काचभांडी आणि चिनी मातीच्या बश्या यांचे आराखडे केले होते, आणि त्यांची छायाचित्रे काढण्याचे काम सुदेक यांच्याकडे आले. ही जाहिरातीची चित्रे आजही ताजी वाटतात. एकावर एक रचलेल्या बश्यांच्या कडा, तिरप्या रेषेत मांडलेले पेले, कडक सावल्या, डागरहित पृष्ठभाग. वस्तू नुकतीच कारखान्यातून आलेली आणि तिला अजून कुणाचाही हात लागलेला नाही. पुढील काळात त्यांनी काढलेल्या पेल्यांशी यांची तुलना केली पाहिजे, कारण विषय एकच असून दृष्टी पार पालटलेली आहे. सुतनार यांचा पेला विकायचा होता. तो कुणाच्याही घरात जाऊ शकला पाहिजे, म्हणून तो कुणाचाच नव्हता. सुदेक यांचा नंतरचा पेला वापरातला आहे. त्याच्यावर पैलू आहेत, त्यात पाणी आहे, पाण्यात बुडबुडे धरलेले आहेत. या आधीच्या शिकवणीवाचून नंतरची चित्रे झाली नसती, एवढे मात्र खरे. काचेवर प्रकाश कसा वागतो हे त्यांना या जाहिरातींनी शिकविले.

१५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. सुतनार त्याच वर्षी अमेरिकेला गेले, ते परतले नाहीत. सुदेक यांचे मित्र, चित्रकार एमिल फिल्ला यांना त्याच वर्षी अटक झाली आणि पुढची वर्षे त्यांनी बुखेनवाल्डच्या छळछावणीत काढली. रस्त्यात तिपाई रोवून छायाचित्र काढणे संशयास्पद ठरू लागले. जो माणूस उजेडाची वाट पाहत तासन् तास एका जागी उभा राही, त्याला हे परवडणारे नव्हते. सुदेक खोलीत आले.

योगायोगाने याच वेळी, १९४० साली, त्यांच्या पाहण्यात एक जुने छायाचित्र आले. फ्रान्समधील शार्त्र येथील मंदिरातल्या एका मूर्तीचे, सुमारे ३० बाय ४० सेंटिमीटर आकाराचे ते चित्र होते. दगडाचा पोत त्यात असा उतरला होता की सुदेक थक्क झाले. पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की हे चित्र मोठे केलेले नाही; निगेटिव्हच तेवढी मोठी आहे आणि कागद तिला चिकटवून थेट छाप घेतला आहे. लहान निगेटिव्ह यंत्राने मोठी करताना रेषा थोडी फुटते, राखाडी रंगाच्या मधल्या छटा विरतात. थेट छापात काहीच गळत नाही. निगेटिव्हमध्ये जे आहे ते कागदावर येते. त्या दिवसापासून चित्र मोठे करणे त्यांनी सोडले. जेवढे चित्र हवे तेवढा मोठा कॅमेरा, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला आणि अखेरपर्यंत पाळला. एक हात असलेल्या माणसाने अधिक जड कॅमेऱ्याची निवड केली! छायाचित्रणाचे सारे जग तेव्हा खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याकडे वळले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते.

‘माझ्या खोलीची खिडकी’ ही मालिका १९४० मध्ये सुरू झाली आणि १९५४ पर्यंत चालली. चौदा वर्षे एकच खिडकी. हिवाळ्यात काचेवर बर्फाची नक्षी चढे, पावसाळी दिवसांत थेंब ओघळत, आतल्या उबेने काच धुरकट होई आणि पलीकडचे सफरचंदाचे झाड कधी स्पष्ट, कधी केवळ एक काळपट सावली होऊन दिसे. झाड बहरले म्हणजे फांद्यांवरचा पांढरेपणा थेंबांतून फुटून येई. काही चित्रांत काच हीच मुख्य आहे, झाड निमित्तमात्र. काही चित्रांत खिडकीच्या फळीवर एखादी वस्तू येऊन बसली आहे. फुलदाणीत एखादे गुलाबाचे फूल, एखादी कवडी, एक पेला.

या पेल्याभोवतीच वस्तुचित्रांचा संसार वाढत गेला. १९५०च्या आसपासची ‘साधी वस्तुचित्रे’ पाहावीत. पेल्यात निम्म्यावर पाणी आहे. शेजारी सोललेले वा न सोललेले अंडे आहे. बशीत नासपती आहे. कधी चुरगळलेला, तेल लागून अर्धपारदर्शक झालेला कागद आणि त्यावर पाव. चित्रात बहुधा दोन वस्तू असतात, फार तर तीन. मागे भिंत असते किंवा धुरकट काच. रंगविलेला पडदा नाही, आरसा नाही, दिव्यांची रोषणाई नाही. उजेड एका खिडकीचा आणि तोही मऊ. आता अंड्याकडे पाहावे. पांढरे अंडे चित्रात पांढरे नाहीच. उजेडाकडील बाजू फिकट करडी, मग करडेपणा गडद होत होत तळाशी सावलीत मिसळतो, आणि सावलीच्या कडेला बशीवरून परतलेल्या प्रकाशाची एक बारीक रेघ अंड्याच्या पोटावर पुन्हा उजळते. डोळ्यांना हे रोज दिसते. पण न्याहारीच्या वेळी कोण पाहतो? हे पाहायला लागणारा वेळ चित्रातच भरून ठेवलेला आहे. मोठी निगेटिव्ह, लहान छिद्र आणि लांबलेला अवधी यांमुळे एकेका चित्राला पुष्कळ वेळ लागे, आणि तो वेळ सुदेक यांच्याजवळ होता.

पेल्याचे गणित आणखी अवघड. काच आणि पाणी या दोन्ही वस्तू स्वतः दिसत नाहीत. त्यांच्यातून दुसरे काही दिसते. पाण्याच्या पातळीवर रेषा मोडते, मागची खिडकी पेल्यात उलटी आणि इवलीशी होऊन उतरते, पैलूंवर उजेडाचे तुकडे पडतात. सुदेक यांनी पेला टिपला म्हणण्यापेक्षा पेल्यातून जाताना उजेडाचे जे होते ते टिपले, असे म्हणणे अधिक बरोबर. चित्रकलेतील थोरांचे ऋण ते उघड मानीत. १९५६ मधील एका फळांच्या चित्राला त्यांनी कॅराव्हाज्जोचे नाव जोडले आहे. पुढील काळात त्यांनी काही छाप जुन्या कार्बन पद्धतीने केले. त्यात चित्र चांदीच्या क्षारांऐवजी रंगद्रव्याच्या थराने कागदावर उतरते, काळे गर्द आणि मखमली येते, आणि हे सगळे हाताने, फार सावकाश करावे लागते. एका जुन्या बांधणीकाराला ही पद्धत रुचली नसती तरच आश्चर्य.

या चित्रांविषयी एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे बरे नव्हे. शहर परक्यांच्या टाचेखाली, मित्र तुरुंगात, शेजारच्या ज्यू कुटुंबांना गाड्यांत भरून नेले जात आहे, आणि एक कलावंत खिडकीच्या काचेवरचे दव टिपत बसला आहे. याला पळपुटेपणा का म्हणू नये? सुदेक यांच्या काही चाहत्यांनी याचे उत्तर म्हणून त्या धुरकट काचेत मूक प्रतिकार वाचला आहे. हे समर्थन अंमळ ओढूनताणून केलेले वाटते. सुदेक यांनी असा दावा कधी केला नाही, आणि थेंबांत जे नाही ते वाचणे हे चित्रावर आणि खरोखर प्रतिकार करून प्राण गमावलेल्यांवर, दोघांवरही अन्याय करणारे आहे. पळपुटा मात्र त्यांना म्हणवत नाही. पळणारा माणूस सुंदर जागी पळतो. सुदेक जिथे होते तिथेच राहिले आणि तिथे जे होते तेवढेच त्यांनी दाखविले: ओलसर काच, वाकडे झाड, गरिबाच्या मेजावरचे अन्न. एका पूर्ण जगाला त्यांनी एकदा पाहिले होते, वीस वर्षांचे असताना, आणि त्याची किंमत दिली होती.

युद्ध संपल्यावर सोन्या बुलाटी नावाची एक तरुण ज्यू मुलगी त्यांच्याकडे शिकायला आली. लोद्झची बंदिस्त वस्ती आणि आउश्विट्झ यांतून ती वाचली होती. घरचे कुणी उरले नव्हते. सुदेक यांनी तिला मदतनीस म्हणून ठेवून घेतले. तिने पुढे सांगितलेली एक हकीकत सुदेक यांची कामाची रीत उत्तम दाखविते. कॅथीड्रलखालच्या एका प्राचीन, काळोख्या दालनात दोघे गेले. कॅमेरा लावला आणि जमिनीवर बसून गप्पा मारू लागले. बराच वेळ गेला. अचानक सुदेक विजेसारखे उठले. लहानशा झरोक्यातून उन्हाचा कवडसा आत आला होता. मग दोघांनीही फडकी घेऊन जमिनीवरची धूळ उडवायला सुरुवात केली. धूळ उडाल्यावाचून प्रकाश दिसत नाही! १९४७ मध्ये ती न्यू यॉर्कला गेली, नामवंत छायाचित्रकार झाली, आणि सुदेक यांच्यावरचे तिचे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. तोवर गुरू हयात नव्हते.

१९४८ साली साम्यवादी राजवट आली. कलेने पोलाद, शेते आणि श्रमिकांचे जयघोष रंगवावेत असा आग्रह सुरू झाला. बशीतल्या अंड्याची गणना त्यात कशातच होत नव्हती. सुदेक यांना फारसा त्रास झाला नाही. राजकारणापासून ते दूर होते, आणि त्यांच्या चित्रांत आक्षेप घेण्याजोगे सत्ताधाऱ्यांना काही सापडत नव्हते. १९५६ मध्ये सरकारी प्रकाशनसंस्थेने २३२ चित्रांचा त्यांचा भव्य ग्रंथ काढला. १९५९ साली ‘प्राग पॅनोरॅमिक’ आला. १० बाय ३० सेंटिमीटर एवढी लांबट निगेटिव्ह देणाऱ्या एका जुन्या कॅमेऱ्याने टिपलेली प्राग शहराची २८४ चित्रे त्यात आहेत. १९६१ मध्ये शासनाने त्यांना गुणवंत कलावंत ही पदवी दिली. छायाचित्रकाराला ती प्रथमच मिळत होती. वास्तुकार ओटो रोथमायर यांच्या बागेतील खुर्च्या, मियोन्शीचे अरण्य, खाणींनी उजाड केलेला उत्तर बोहेमिया अशा अनेक मालिका या वर्षांत झाल्या. प्रत्येकीवर स्वतंत्र लेख होईल.

ज्यांनी केवळ चित्रे पाहिली होती, ते प्रथमच त्यांच्या खोलीत आले म्हणजे गोंधळून जात. इतकी रिकामी, इतकी शांत चित्रे काढणाऱ्या माणसाची खोली अडगळीने गच्च भरलेली होती. वर्तमानपत्रे, पुठ्ठ्याच्या पेट्या, दोऱ्यांची गुंतवळ, कवड्या, तुटक्या मूर्ती, रिकाम्या चौकटी, आलेली पत्रे, छायाचित्रांची भेंडोळी. मेजाचा पृष्ठभाग कित्येक वर्षे कुणी पाहिला नव्हता. सुदेक काहीही टाकीत नसत. मित्रांना पैशांची नड असली म्हणजे त्यांची चित्रे ते विकत घेत, तीही याच ढिगात जात. या पसाऱ्यातून एक अंडे आणि एक पेला उचलून खिडकीच्या फळीवर नेऊन ठेवायचा, म्हणजे काय करायचे, हे ती खोली पाहिल्यावाचून समजत नाही. उतारवयात त्यांनी या ढिगाचीही चित्रे काढली आणि त्या मालिकेला ‘चक्रव्यूह’ या अर्थाचे नाव दिले. परदेशाहून येणाऱ्या टपालाचे कागद घेऊन ‘हवाई टपालाच्या आठवणी’ ही मालिका केली. ही भरगच्च चित्रे काही रसिकांना साध्या वस्तुचित्रांहून श्रेष्ठ वाटतात. त्यांत खेळकरपणा आहे हे मान्य. तथापि पेल्यापुढे ती काहीशी बोलघेवडी वाटतात.

आणि याच अडगळीत संगीत होते. ध्वनिमुद्रिकांचा त्यांचा संग्रह फार मोठा. जगभरचे मित्र त्यांना तबकड्या पाठवीत. दर मंगळवारी संध्याकाळी मित्रमंडळी या खोपटात दाटीवाटीने बसून संगीत ऐके. यानाचेक हा त्यांचा सर्वांत आवडता संगीतकार. त्याच्या जन्मगावी, हुक्वाल्दी येथे, ते वर्षानुवर्षे जात राहिले आणि त्या परिसराच्या चित्रांचे पुस्तक १९७१ मध्ये निघाले.

१९५९ मध्ये ते किल्ल्याजवळच्या उव्होझ रस्त्यावरील घरात राहायला गेले. बोझेना उयेझ्दच्या खोलीतच राहिली आणि अंधारखोलीही तिथेच राहिली. सुदेक कामाला तिथे येत. १९७६ साली त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने प्राग आणि ब्रनो येथे मोठी प्रदर्शने भरली. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी त्यांचे प्रागमध्ये निधन झाले. मागे राहिलेला ढीग उपसण्याचे काम बोझेना आणि कलासमीक्षक आना फारोव्हा यांच्याकडे आले. कागदांच्या, पेट्यांच्या थरांखालून हजारो छाप आणि निगेटिव्ह निघाल्या, आणि त्यांची छाननी पुढे कित्येक वर्षे चालली. उयेझ्दची लाकडी खोली १९८५ मध्ये आगीत जळाली. २००० साली त्याच अंगणात, त्याच मापाची नवी खोली बांधण्यात आली आणि तिथे छायाचित्रांची प्रदर्शने भरू लागली.